जुनी गाडी देऊन इलेक्ट्रिक घेता? आधी 'वरचे किती' ते विचारा

दिवाळीनंतर एका शनिवारी मी माझी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक घेऊन नागपुरात वर्धा रोडवरच्या एका शोरूममध्ये गेलो, नवीन इलेक्ट्रिक बघायला. जुनी गाडी तपासायला आलेला पोरगा चोवीस-पंचवीसचा असेल, हातात पेंट मोजायचं मशीन, बोनेट उघडलं, डिकीतली मॅट उचलून स्टेपनीखाली टॉर्च मारला, दरवाजाचे रबर ओढून पाहिले आणि दहा मिनिटांत येऊन म्हणाला, "सर, दोन साठ होते, वरून चाळीस हजार एक्स्चेंज बोनस, म्हणजे सरळ तीन लाख भेटून राहिले तुम्हाला." घरी आलो तर बायको म्हणे, तीन लाख चांगलेच आहेत ना. मलाही तसंच वाटलं, दोन दिवस वाटलं.

मग कागद-पेन घेऊन बसलो तेव्हा कळलं की आपण चुकीचा आकडा बघून राहिलो.

होतं काय की एक्स्चेंज म्हणजे एक सौदा नसतो, तीन-चार सौदे एकाच गाठोड्यात बांधलेले असतात. जुन्या गाडीचा भाव, नव्या गाडीवरचं डिस्काउंट, इन्शुरन्स आणि अ‍ॅक्सेसरीज, आणि लोन असेल तर त्याचं व्याज. शोरूमवाल्याला यातलं कुठलंही एक वर आणि दुसरं खाली करता येतं, आणि आपलं लक्ष कुठं असतं तर जुन्या गाडीच्या भावावर, कारण तिच्यावर आपला जीव असतो. म्हणून तो तिथं थोडा हात सैल सोडतो आणि दुसरीकडून काढून घेतो. त्यामुळे विचारायचा प्रश्न एकच, नवी गाडी दारात उभी राहीपर्यंत माझ्या खिशातून वरचे एकूण किती जाणार. बाकी सगळे आकडे त्याचे त्याला ठेवू द्या.

माझं उदाहरण सांगतो, आकडे गोल केलेत. पहिल्या शोरूममध्ये नवी गाडी ऑन-रोड, म्हणजे टॅक्स-इन्शुरन्स सगळं धरून, १४ लाख २० हजार, जुनीचे बोनससकट ३ लाख, वरचे ११ लाख २० हजार. दुसरीकडे कामठी रोडला गेलो तर त्यांनी जुनीला बोनससकट ३ लाख ३० हजार दिले, मी खुश, पण त्यांची ऑन-रोड किंमत निघाली १४ लाख ५५ हजार. म्हणजे वरचे ११ लाख २५ हजार! तीस हजार जास्त भेटूनही पाच हजार जास्त जात होते. गाडी तीच, मॉडेल तेच, फक्त रंग वेगळा.

तिसरा रस्ता मी शेवटी धरला. जुनी गाडी बाहेर विकली ३ लाख २० हजाराला, ऑफिसातल्या एकाच्या मामेभावाला. एक्स्चेंज नाही म्हटल्यावर पहिल्या शोरूमने २५ हजाराचं कॅश डिस्काउंट दिलं, जे आधी "एक्स्चेंज किंवा कॅश, दोन्ही नाही होत सर" म्हणून दाबून ठेवलं होतं. इन्शुरन्स बाहेरून घेतला तर १७ हजार वाचले, सीट कव्हर-मडफ्लॅप-टेफ्लॉन कोटिंग वगैरे २२ हजाराचं पॅकेज काढून टाकलं. वरचे आले १० लाख ३६ हजार. ऐकायला ८४ हजाराचा फायदा, पण इथं स्वतःलाच फसवू नका, इन्शुरन्स आणि अ‍ॅक्सेसरीजचे ३९ हजार एक्स्चेंज करूनही वाचलेच असते, फक्त तोंड उघडायचं होतं. गाडी बाहेर विकण्याची खरी कमाई ४५ हजार. आणि त्या ४५ हजारासाठी तीन आठवडे अनोळखी लोकांचे फोन, रविवारी सकाळी टेस्ट ड्राइव्ह, "भाऊ, लास्ट किती" हे सगळं. ज्याला हे झेपत नाही त्याने एक्स्चेंज करावं, त्यात काही मूर्खपणा नाही, फक्त आपण त्या आरामाचे किती पैसे देऊन राहिलो ते माहीत पाहिजे.

शोरूम कमी भाव का देतं हे समजून घेतलं की राग कमी येतो. शोरूमवाला तुमची गाडी स्वतः चालवायला ठेवत नाही, बहुतेक वेळा ती जुन्या गाड्यांच्या डीलरकडे जाते, त्याला टायर बदलायचे, डेंट काढायचे, गाडी महिना-दोन महिने अंगणात उभी ठेवायची, आणि विकताना स्वतःच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटीही भरायचा असतो. दोन सामान्य माणसांमध्ये सौदा झाला तर तो जीएसटी लागत नाही, म्हणून बाहेर भाव जास्त निघतो. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. नवीच स्वस्त झाली म्हटल्यावर जुनीला कोण आधीचा भाव देईल. आणि इन्शुरन्सच्या कागदावर जो आयडीव्ही लिहिलेला असतो तो दाखवून भांडू नका, तो गाडी चोरीला गेली तर कंपनी किती देणार त्याचा आकडा आहे, बाजारभाव नाही.

अ‍ॅपवाल्या कंपन्यांचंही सांगतो. घरबसल्या मोबाईलवर ३ लाख ७० हजारापर्यंत दाखवलं, घरी तपासणीला आले आणि दोन तासांनी २ लाख ९५ हजार. कारण काय तर उजव्या दरवाजाला रंग मारलाय. मारलाच होता, सीताबर्डीच्या गर्दीत एका ऑटोने घासला होता. पण मोबाईलवरचा आकडा म्हणजे भाव नाही, तपासणीनंतरचा भाव तोच भाव, हे धरून चाला. तरी एक फायदा, हा आकडा हातात घेऊन शोरूममध्ये गेलं की बोलायला तोंड राहतं.

अजून एक गोष्ट जी सेल्सवाला आपणहून सांगत नाही. काही कंपन्यांमध्ये गाडी बाहेर विकली तरी एक्स्चेंज बोनस भेटतो, फक्त ठरलेल्या दिवसांत जुन्या गाडीची आरसी दुसऱ्याच्या नावावर झाल्याची कॉपी द्यावी लागते. मला नाही भेटला, त्या महिन्यात स्कीम नव्हती. पण विचारायला काय जाते.

आता नव्या गाडीचा कागद. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के आहे आणि महाराष्ट्रात तिला मोटार वाहन कर माफ आहे, राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात हे २०३० पर्यंत धरलंय. ही माफी किती मोठी आहे ते पेट्रोलशी ताडून बघा, १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला आपल्याकडे १२ टक्के रोड टॅक्स लागतो, म्हणजे १४ लाखाच्या गाडीला एक लाख अडुसष्ट हजार. म्हणून एक्स-शोरूममध्ये महाग वाटणारी इलेक्ट्रिक ऑन-रोडला येईस्तोवर पेट्रोलच्या जवळ सरकते. तुलना करायची तर ऑन-रोडचीच करा. आणि जुनी गाडी देता म्हणून नव्या गाडीवरचा जीएसटी कमी होईल असं काही जणांना वाटतं, तसं होत नाही, टॅक्स नव्या गाडीच्या पूर्ण किमतीवरच.

१० लाखाच्या वरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच घेतलेला इन्कम टॅक्स, लावतात. तो खर्च नाही, तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता होतो, म्हणून बिलावर पॅन बरोबर आहे ना बघा. माझ्या एका मित्राने गाडी बायकोच्या नावावर घेतली आणि पॅन स्वतःचा दिला, मग सीएकडे चकरा.

दोन गोष्टी अजूनही लोक सांगत फिरतात, त्यातली एकही आता चालत नाही. पहिली, ईव्हीच्या लोनवर दीड लाख व्याजाची इन्कम टॅक्स सूट. ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या लोनला होती, आज नवं लोन घेतलं तर नाही. दुसरी, केंद्राची सबसिडी. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत स्कूटर, थ्री-व्हीलर, बस, ट्रक, अ‍ॅम्ब्युलन्स एवढंच धरलेलं होतं, आपली घरची कार त्यात नाही. कोणी सेल्सवाला "सबसिडी लावून हा भाव" म्हणाला तर कुठली सबसिडी ते कागदावर लिहून मागा.

इन्शुरन्समध्ये सगळ्यात जास्त लोक इथं पैसे सोडतात. पाच वर्षं क्लेम केला नसेल तर तुमचा नो क्लेम बोनस (एनसीबी) ५० टक्के झालेला असतो आणि तो गाडीचा नाही, तुमचा असतो. जुनी गाडी गेल्याचा पुरावा देऊन कंपनीकडून एनसीबीचं लेटर घ्यायचं आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, भागावर लावायचं, तीन वर्षांपर्यंत चालतं. मला शोरूमने जे कोटेशन दिलं त्यात एनसीबी शून्य धरला होता. विचारल्यावर म्हणे, "सर, तुम्ही सांगितलं नाही." आता मी सांगायचं की यानं विचारायचं! इन्शुरन्स शोरूममधूनच घेतला पाहिजे असा काही नियम नाही.

हे झालं सौद्याचं. पण मुळात इलेक्ट्रिक तुम्हाला परवडते का, हे तुमच्या महिन्याच्या किलोमीटरवर आहे, शेजाऱ्याच्या नाही. माझी जुनी गाडी शहरात लिटरला सोळा द्यायची, नागपुरात पेट्रोल १०४ च्या आसपास धरलं तर किलोमीटरला साडेसहा रुपये. नवी गाडी युनिटला सहा-साडेसहा किलोमीटर जाते, घरच्या विजेवर किलोमीटरला दीड ते दोन रुपये पडतात. म्हणजे किलोमीटरमागे पावणेपाच रुपये वाचले. बेसा ते एमआयडीसी रोज ये-जा करणारा महिन्याला हजार किलोमीटर सहज करतो, त्याचे वर्षाला ५५-६० हजार वाचतात. पण माझे सासरे प्रतापनगरला राहतात, दवाखाना, भाजी आणि गुरुवारी साईमंदिर, महिन्याला तीनशे किलोमीटर. त्यांचे वाचणार वर्षाला सतरा हजार. पेट्रोल आणि इलेक्ट्रिकमध्ये तीन लाखाचा फरक असेल तर एकाचे पैसे पाच-सहा वर्षांत निघतात, दुसऱ्याचे निघेपर्यंत गाडीच्या आरसीची पंधरा वर्षं उलटतात. सासऱ्यांना मी स्वच्छ सांगितलं, बाबा, तुमची चालू गाडी चांगली आहे, ठेवा.

विजेचं गणित मात्र लोक अर्धवट करतात. हजार किलोमीटरला चार्जिंगमधली गळती धरून महिन्याला पावणेदोनशे युनिट लागतात, आणि महावितरणचं घरगुती बिल १००, ३००, ५०० अशा टप्प्यांनी चढतं. म्हणजे हे पावणेदोनशे युनिट तुमच्या नेहमीच्या वापराच्या डोक्यावर बसतात, वरच्या दराने. हिवाळ्यात दीडशे युनिट जळत असतील तर तुम्ही सव्वातीनशेवर जाता, वरचे थोडेच महाग पडतात. एप्रिल-मे मध्ये दोन कूलर आणि बेडरूमचा एसी चालून आधीच साडेतीनशे होत असतील तर गाडीचं प्रत्येक युनिट महागातल्या टप्प्यात. सरासरी दर काढून "युनिटला सात रुपये" म्हणणारे हे विसरतात. छतावर सोलर असेल तर चित्र पालटतं, एक किलोवॅटला दिवसाला साधारण चार युनिट म्हणजे तीन किलोवॅटमधून महिन्याला साडेतीनशेच्या आसपास, आणि पीएम सूर्यघरमध्ये तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे. उन्हाला शिव्या घालणाऱ्या नागपूरकराला एवढा तरी मोबदला.

चार्जिंगसाठी सुरुवातीला मोठा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जर, लागतोच असं नाही. १६ अँपिअरचा चांगला सॉकेट, वेगळी वायर, वेगळा एमसीबी आणि नीट अर्थिंग, एवढ्यावर तासाला तीन युनिट जातात, रात्री दहाला लावली की सकाळी सातला सत्तावीस. सात किलोवॅटच्या वरचा चार्जर हवा असेल तर आधी बिलावर मंजूर भार किती आहे ते बघा, बहुतेक घरांत वाढवून घ्यावा लागतो. फ्लॅटमध्ये राहत असाल तर गाडी बुक करण्याआधी सोसायटीकडून पार्किंगमध्ये पॉइंट घ्यायची लेखी परवानगी घ्या. आधी गाडी आणि मग मीटिंग असं केलेला एक जण माझ्या ओळखीत आहे, तो चार महिने रस्त्यावरच्या डीसी (फास्ट) चार्जरवर होता, तिथं युनिट अठरा-वीस रुपयांच्या पुढे, बचत बरीच कमी झाली.

आणि आपलं ऊन. बॅटरीला उष्णता आवडत नाही, त्यातही फुल चार्ज करून दिवसभर उन्हात उभी ठेवणं तर बिलकुल नाही. बॅटरी लिक्विड कूल्ड आहे का, आणि एलएफपी आहे की एनएमसी (बॅटरीतल्या रसायनाचे दोन प्रकार), हे दोन प्रश्न नागपूरच्या माणसाने विचारलेच पाहिजेत. एलएफपी उष्णता जास्त सहन करते, जास्त वेळा चार्ज झेलते, पण त्याच रेंजसाठी वजनाला भारी असते. ४५ डिग्रीत गर्दीतून हळूहळू जाताना एसी एकटाच तासाला दीड युनिट खातो, म्हणून मे महिन्यात रेंज कमी दिसली तर गाडी बिघडली समजू नका. कंपनीच्या आकड्यातून तीस टक्के तर तसेच कापा. समृद्धी महामार्गावर १२० ने पळवली तर अजून कापा, कारण वेग वाढला की हवेचा विरोध त्याच्या वर्गाने वाढतो. वर्धा जाऊन येणं काहीच नाही, चंद्रपूर-अमरावती जाऊन यायचं तर मोठी बॅटरी घ्या नाहीतर मध्ये चहाला थांबायची तयारी ठेवा. राज्याच्या ईव्ही धोरणात इलेक्ट्रिक कारला समृद्धीवर टोलमाफी आहे, तेवढ्यावर चहा-नाश्ता दोन्ही होते.

बॅटरीची वॉरंटी साधारण आठ वर्षं, एक लाख साठ हजार किलोमीटर असते. "लाइफटाइम" लिहिलेलं असेल तर खालचं बारीक वाचा, बऱ्याचदा ती पहिल्या मालकापुरती असते. आज नवी घेताना हे कोणी बघत नाही, पण सहा वर्षांनी हीच गाडी एक्स्चेंजला न्याल तेव्हा समोरचा पहिला प्रश्न बॅटरीचाच विचारणार.

आता ज्या भागात मला झोप लागली नव्हती तो भाग. जुन्या गाडीचे कागद. माझ्या भाऊजींनी काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी गाडी एक्स्चेंजला दिली, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कोरेच देऊन आले, चावी दिली, नवी गाडी घेऊन घरी. चार महिन्यांनी मोबाईलवर चालान, सिग्नल तोडल्याचं, मग अजून एक, मग ट्रिपल सीट नाही पण सीटबेल्टचं. गाडी तीन हातांतून फिरून कुठंतरी छिंदवाड्याकडे चालून राहिली होती आणि आरसीवर नाव भाऊजींचंच. चालानचं सोडा, अपघात झाला असता तर? सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमारच्या खटल्यात साफ सांगितलंय, आरसीवर ज्याचं नाव तो मालक, गाडी कितीही हात बदललेली असो, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते.

डीलरला नाव बदलायची घाई का नसते, तर एकदा त्याच्या नावावर आणि एकदा खऱ्या गिऱ्हाइकाच्या नावावर, दोनदा खर्च, आणि आरसीवर एक मालक वाढला की गाडीचा भाव पडतो. म्हणून तो कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गिऱ्हाईक भेटेपर्यंत बसतो. यावर १ एप्रिल २०२३ पासून नियम आलाय, आरटीओने अधिकृत केलेला डीलर असेल तर गाडी ताब्यात घेताना फॉर्म २९सी ऑनलाइन भरायचा, तेव्हापासून तो मानीव मालक, म्हणजे कायद्याने मालक समजला जातो, गाडीची जबाबदारी त्याची. म्हणून एक्स्चेंज करणार असाल तर सरळ विचारा, तुमच्याकडे डीलरचं ऑथोरायझेशन आहे का, २९सी भरता का. "हो हो, होऊन जाते सर" हे उत्तर नाही, पावती हे उत्तर आहे.

नाव बदलायच्या आधी काय काय अडकतं ते पण बघून ठेवा. लोन फिटलं असेल पण आरसीवर बँकेचं नाव तसंच असेल तर बँकेची एनओसी आणि ते नाव काढायचा फॉर्म ३५ लागतो. एनओसी तीन महिन्यांत शिळी होते, ती जुनी कपाटात पडलेली चालत नाही. बाकी चालान भरून टाका. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल आणि एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी, नंबरप्लेट लावली नसेल तर आरटीओचं काम पुढे सरकत नाही, माझं याच्यासाठीच बारा दिवस थांबलं. गाडी मध्यप्रदेशात किंवा छत्तीसगडला जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी वेगळी.

गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर स्क्रॅपचाही भाव काढा. स्क्रॅपच्या सर्टिफिकेटवर नव्या गाडीच्या रोड टॅक्समध्ये सूट असते म्हणतात, बरोबर आहे, पण इलेक्ट्रिकला टॅक्सच नाही तर सूट कशात घेणार! दिल्लीचा जुन्या गाड्या बंद करायचा दहा-पंधरा वर्षांचा नियम नागपुरात नाही, त्यामुळे त्या भीतीने चांगली गाडी मातीमोल देऊ नका.

मी गाडी दिली त्या दिवशी डिलिव्हरी नोट दोन कॉपीत केली, तारीख, वेळ, किलोमीटर रीडिंग, दोघांच्या सह्या, आधारच्या झेरॉक्सवर आडवं लिहिलं, "फक्त गाडी ट्रान्सफरसाठी". घेणाऱ्याला वाईट वाटलं थोडं, म्हणे, "भाऊ, विश्वास नाही का?" मी म्हटलं, आहे ना, म्हणूनच दोन कॉपी, एक तुला. वीस हजार त्याच्याच संमतीने मागे ठेवले, नाव बदललं की गाडीची दुसरी चावी घ्यायची आणि वीस हजार द्यायचे असं ठरलं. गिरीपेठच्या आरटीओतून एकोणिसाव्या दिवशी मेसेज आला, त्याच संध्याकाळी फास्टॅग बंद केला, जुनी पॉलिसी रद्द करायला मेल टाकला, आणि तो माणूस पोरीला घेऊन चावी न्यायला आला. पोरगी मागच्या सीटवर बसून काच खाली-वर, खाली-वर करत होती. ती काच मध्येच अडकते, हे मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं.